हरकत क्रमांक चौदा

नकाशात कारखान्याचा रंग जांभळा,
राहण्याचा पिवळा.
हे एका दिवसात कळतं.
पिवळा सपाट बसवायला,
कडेला रंग साचू न देता,
मला तीन वर्षं लागली.
परभणीच्या नगररचना कार्यालयात अनुरेखक होतो.
सेलूचं, स्टेशनापलीकडचं जिनिंग
आधीच्या आराखड्यात मीच जांभळं केलेलं,
मीच ते पिवळं करायला बसलो.

जुन्या टिपणावर उर्दू अक्षरं, फसली सन.
त्यावर आता कलम सदतीस, फेरबदल,
बारा मीटर रस्ता,
एक बगीचा, आरक्षित.
बगीचे आरक्षितच राहतात.
हरकती व सूचनांसाठी एक महिना.

तेरा हरकती एकाच वकिलाच्या टाइपरायटरवरून आल्या,
सगळ्यांत 'र'चं रफार उडालेलं.
चौदावी वहीच्या पानावर.
अंगठा पुतळाबाई सटवाजी खिल्लारे हिचा,
अक्षर शेजारच्या कुण्या पोरीचं,
पोरीनं बोली मात्र दुरुस्त केली नव्हती:

तिथं मपली काई जागा न्हाई.
चोवीस साल रुईतली किडकी येचली, तेवढंच.
मपलं म्हननं काट्याचं हाय.
गेटाच्या उजव्या अंगाला ज्यो लोखंडी काटा हाय
त्याच्यावर आमी बाया लेकरं तोलायचो,
जेवणाच्या सुट्टीत.
दवाखान्यात कुठं धड काटा व्हता.
हबीबभाई आधी फडक्याचं वजन वजा करायचा,
मंग पावतीच्या मागं लिहून द्यायचा.
रजियाची पोरगी तीन किलो अन् पाव.
मपला मारुती दोनच भरला.
हबीबभाईनं पुन्यांदा तोलला, पुन्यांदा दोनच.
बिल्डिंगी बांधा. लोकायला घरं पाहिजेत.
काटा तेवढा ऱ्हाऊ द्या.

साहेबांचा शेरा:
जमिनीच्या वापराशी संबंध नाही,
विचारात घेण्याची आवश्यकता नाही.
नोंदवहीत तो मीच उतरवला,
माझं अक्षर चांगलं म्हणून.

घरी थोरल्या बहिणीला विचारलं,
मला कुणी तोललं होतं का गं?
ती भाकरी थापत म्हणाली, तुला कोण तोलतंय,
तू रडलास एवढ्यावरच सगळे खूश होते.

दुसऱ्या दिवशी पिवळा लावताना
गेटाच्या उजव्या अंगाला
राजगिऱ्याच्या दाण्याएवढी जागा कोरी सोडली.
एकास चार हजार या प्रमाणात
जागेवर चार मीटर.
काटा, हबीबभाई,
रांगेतल्या दोघी-तिघी मावतील.
फार काही केलं असं नाही.
एकतारखेला पगार घेतला.

पुढे नकाशे संगणकावर चढले.
मुलगा नवा होता, हुशार.
काका, स्कॅनला एका ठिकाणी कचरा आला होता,
साफ केला.
मी मान हलवली.
चहाचे पैसेही त्यानंच दिले.

निवृत्तीनंतर एका लग्नाला सेलूला गेलो.
अक्षता अजून पडायच्या होत्या
म्हणून पाय मोकळे करत तिकडे निघालो.
फलकावर सात मजले, पोहण्याचा तलाव,
आणि गोऱ्यापान कुटुंबाचं हसू.
खाली फक्कीनं आखलेले चौकोन;
माझा पिवळा
अजून मातीत उतरायचा होता.

भंगारवाले गॅसनं तुळया कापत होते.
काटा चौघांनी उचलला,
पाचव्यानं शिवी घातली, मग तो ट्रॉलीत चढला.
सरकी साफ करताना उडते तसली बारीक रुई
त्याच्या सांध्यांत अजून अडकलेली.
मी मागोमाग गेलो, लग्नाच्या कपड्यांत,
मोंढ्याच्या रस्त्यावरल्या धर्मकाट्यापर्यंत.
ट्रॉली उभी राहिली.
लाल आकडे धावले, थरथरले, थांबले.
कुणी काही वजा केलं नाही.

पावतीची एक प्रत मिळेल का, मी विचारलं.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
माल तुमचा आहे का?
नाही.
मग नाही मिळणार, काका.

हरकत नाही, मी म्हणालो.
एकतीस वर्षांची सवय.